थिएट्रिकल की एक्स्टेंडेड? कॉमिकबुक चित्रपटाचा कोणता कट लावायचा

लांब कट (थिएटरनंतर येणारी चित्रपटाची वाढीव आवृत्ती) म्हणजे जास्त चित्रपट, तेव्हा तोच लावावा, असं बरेच जण धरून चालतात. थिएटरात आला तोच खरा चित्रपट, बाकी सगळे डिस्क खपवायचे धंदे, असं म्हणणारेही तितकेच. दोघांनाही आपापल्या बाजूची उदाहरणं सापडतात, त्यामुळे सरसकट नियम करून उपयोग नाही. बघायचं ते इतकंच: वाढलेली मिनिटं नेमकं काय काम करतात? काही मिनिटं कथेतल्या घटनांमागची कारणं परत आणतात. काही नुसती मारामारी किंवा विनोद लांबवतात. काही फक्त रक्त वाढवतात. कारणं परत येत असतील तर पहिल्यांदाच लांब कट पाहा. नुसती भर असेल तर आधी थिएट्रिकल. आवडला तर लांब कट नंतर कधीतरी.

(खाली काही चित्रपटांच्या कथेतले तपशील उघड केले आहेत. ज्याचं नाव दिसेल तो पाहायचा राहिला असेल तर तेवढा परिच्छेद वगळा.)

समोर कोणता कट आहे, ते आधी ओळखा

नावांवर विसंबू नका. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची (२०१६) एकमेव लांब आवृत्ती 'अल्टिमेट एडिशन' म्हणून विकली जाते. 'वॉचमेन'मध्ये (२००९) मात्र 'अल्टिमेट कट' ही तिसरी आवृत्ती आहे, डायरेक्टर्स कटपेक्षाही लांब. 'अनरेटेड' लिहिलं म्हणजे काहीतरी भयंकर असणार असंही नाही. त्या आवृत्तीसाठी वेगळं प्रमाणपत्र घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'डायरेक्टर्स कट' हे नाव प्रत्येक वेळी दिग्दर्शकाच्या हट्टातून आलेलं नसतं, पुष्कळदा ते विक्री विभागाचं असतं.

म्हणून मिनिटं मोजायची. थिएटरमधली लांबी आधी माहीत करून घ्या आणि समोरच्या आवृत्तीशी ताडून बघा. अॅपमध्ये वेळ तासांत दिसते, तेव्हा रूपांतर डोक्यात असू द्या: १५१ मिनिटं म्हणजे २ तास ३१ मिनिटं, १८२ म्हणजे ३ तास २. वर्णनात लिहिलेली वेळ कधीकधी भलत्याच आवृत्तीची असते. खात्रीचा मार्ग म्हणजे चित्रपट सुरू करायचा, लगेच थांबवायचा आणि खालच्या पट्टीच्या उजव्या टोकाला दिसणारी एकूण वेळ वाचायची.

एक-दोन मिनिटांचा फरक दिसला तर तो सोडून द्या. कंपन्यांचे लोगो, डबिंग कलाकारांची श्रेयनामावली, आकडा वर-खाली करून लिहिणं, क्वचित सेन्सॉरची कात्री, यातलं काहीतरी असतं.

पण चित्रपट चार टक्क्यांनी आखूड दिसला तर घाईने 'कापलाय' म्हणू नका. जुन्या पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातलं टीव्हीचं जुनं मानक) डीव्हीडी आणि टीव्ही प्रक्षेपणात सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ फ्रेमच्या वेगाने पळवला जातो. त्यामुळे १५१ मिनिटांचा चित्रपट १४५ मिनिटांत संपतो, एकही दृश्य न गाळता. आवाजही किंचित चढा वाटतो. पडताळा सोपा आहे: समोर दिसणारी मिनिटं गुणिले २५, भागिले २४. उत्तर थिएटरच्या लांबीइतकं आलं तर कट तोच आहे, फक्त वेग वेगळा. ब्लू-रेवर चित्रपट सहसा २४ फ्रेमनेच असतो, तिथे ही भानगड फारशी येत नाही.

'आयमॅक्स एन्हान्स्ड' असं लिहिलेली आवृत्ती म्हणजेही वाढीव कट नव्हे. लांबी तीच असते, ठरावीक दृश्यांत वर-खाली जास्त चित्र दिसतं, इतकंच. ती मिळत असेल तर बिनधास्त घ्या.

कथा न फोडता अंदाज घ्यायचा तर

तीन गोष्टी तपासा. पहिली, वाढ किती टक्के आहे. 'स्पायडर-मॅन २' १२७ मिनिटांचा आणि त्याची २००७ ची '२.१' आवृत्ती १३५ ची, म्हणजे वाढ सहा टक्के. 'द वुल्वरीन' (२०१३) १२६ वरून १३८, साडेनऊ. 'सुसाइड स्क्वॉड'चीही (२०१६) गत साधारण तीच. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बहुधा सजावट समजा. वीसच्या वर गेली की कथेचा एखादा धागाच परत आलेला असतो: 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' वीस टक्के, 'डेअरडेव्हिल' (२००३) जवळपास तीस. दहा ते वीसमधल्यांसाठी पुढच्या दोन गोष्टी.

दुसरी, कलाकारांची यादी. लांब कटच्या यादीत असं एखादं ओळखीचं नाव आहे का, जे थिएट्रिकलमध्ये दिसतच नाही? 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये जेना मलोन, 'डेअरडेव्हिल'मध्ये कूलिओ. अख्खी व्यक्तिरेखा कापलेली असते तेव्हा तिच्याबरोबर एखादा दुवाही गेलेला असतो, आणि प्रेक्षकाला 'हे असं का झालं' कळत नाही ते त्या तुटलेल्या दुव्यामुळे. कथा न वाचता मिळणारी याच्याइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

तिसरी, प्रमाणपत्र बदललंय का. अमेरिकेत पीजी-१३ (तेराखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं) मिळवलेल्या चित्रपटाचा लांब कट आर (सतराखालच्यांना मोठ्यांबरोबरच) झाला असेल, तर रक्त, शिव्या किंवा दोन्ही वाढलं आहे. पहिल्या दोन खुणा नसतील आणि फक्त प्रमाणपत्र बदललं असेल, तर लांब कटमध्ये कथा तीच आहे असं समजून चाला.

लांब कट आधी पाहावा असे

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण, म्हणून जरा जवळून पाहू. थिएटरच्या १५१ मिनिटांत नायरोमीच्या वाळवंटातल्या गावात भाडोत्री सैनिक गोळ्या झाडून माणसं मारतात आणि पुढे सिनेटसमोर एक बाई सुपरमॅनवर ठपका ठेवते. पाहणारा चक्रावतो: माणसं गोळ्यांनी मेली, मग संशय उडणाऱ्या माणसावर कसा? अल्टिमेट एडिशनमध्ये ते सैनिक गोळीबारानंतर प्रेतं जाळताना दिसतात. सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या उष्णतेने ती जळाली असं भासवायचं असतं. साक्ष देणाऱ्या बाईला धमकावून बोलायला लावलंय हेही पुढे उघड होतं. सिनेटमधल्या स्फोटाचं तसंच. चाकांच्या खुर्चीला शिशाचं अस्तर होतं, म्हणून सुपरमॅनच्या नजरेला आतला बॉम्ब दिसला नाही. जेना मलोनची शास्त्रज्ञ हे पत्रकार लोइसला सांगते. थिएट्रिकलमध्ये ती शास्त्रज्ञच नाही. क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन, बॅटमॅनने डाग दिलेल्या कैद्याच्या माणसांशी बोलतो, त्यामुळे त्याच्या रागालाही बूड मिळतं.

या वाढीव एकतीस मिनिटांत खलनायक लेक्स लूथरचा डाव पहिल्यांदा समजेल असा होतो. हा चित्रपट पाहायचाच असेल तर थिएट्रिकल कटच्या वाटेला जायचं कारण नाही. मात्र शेवटची डूम्सडे राक्षसाशी लढाई आहे तशीच राहते आणि चित्रपटाचा जडपणाही. 'फार उदास आहे' ही ज्यांची तक्रार होती, त्यांना तीच उदासी आता तीन तास मिळेल.

'डेअरडेव्हिल'चा डायरेक्टर्स कट १०३ वरून १३३ वर जातो. यात मॅट मर्डॉक (म्हणजे डेअरडेव्हिल) वकील आहे हे नुसतं सांगितलं जात नाही, तो खटला लढताना दिसतो. कूलिओच्या अशिलावरचा खुनाचा आरोप आणि त्या तपासातून गुन्हेगारांच्या म्होरक्यापर्यंत, किंगपिनपर्यंत, जाणारी वाट, हा सगळा धागा थिएटरात नव्हता. आणखी एक छोटा बदल आहे, पण मोठा परिणाम करणारा: थिएट्रिकलमध्ये मदतीची हाक ऐकूनही मॅट प्रेयसी एलेक्ट्राजवळ थांबतो, डायरेक्टर्स कटमध्ये तिला सोडून निघून जातो. त्याच माणसाबद्दलचं मत बदलायला एवढं पुरतं.

'वॉचमेन'च्या तिन्ही आवृत्त्या १६२, १८६ आणि २१५ मिनिटांच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याने मधली घ्यावी. तिच्यात हॉलिस मेसन या निवृत्त नायकाचा मृत्यू आहे. २१५ मिनिटांच्या आवृत्तीत 'टेल्स ऑफ द ब्लॅक फ्रेटर' हा अॅनिमेशनपट तुकड्यातुकड्यांनी पेरला आहे. मूळ कॉमिकची रचना तशीच आहे, त्यामुळे ते वाचलेल्यांना गंमत वाटते. न वाचलेल्यांना मात्र दर थोड्या वेळाने कोणीतरी चॅनेल बदलल्यासारखं होतं. ती दुसऱ्या फेरीला ठेवा.

थिएट्रिकल आधी पाहावा असे

'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (२०१४) १३२ मिनिटांचा, त्याचा 'रोग कट' (२०१५; रोग, Rogue, हे त्यातल्या एका नायिकेचं नाव) १४९ चा. वाढ तेरा टक्के, म्हणजे मधला पट्टा. थिएट्रिकलमध्ये लोगनचं (म्हणजे वुल्वरीनचं) मन आपल्या शक्तीने भूतकाळात पाठवणारी किटी जखमी होते आणि तशीच त्याला तिथे धरून ठेवते. घड्याळ सतत टिकटिकत राहतं. रोग कटमध्ये तिच्या जागी रोगला आणण्यासाठी म्हातारे झेवियर आणि मॅग्निटो बॉबीसह जुन्या हवेलीत जातात, बॉबी तिथेच मरतो आणि पुढचा भार रोग उचलते. धागा नवा आहे, अभिनय चांगला आहे, पण तो निघाला त्याच ठिकाणी परत येतो: कोणीतरी लोगनला धरून आहे. थिएट्रिकल कटमध्ये काही अडत नव्हतं, हाच पुरावा. मधल्या भागाची धाव तेवढी मंदावते. ही व्यक्तिरेखा आवडणाऱ्यांनी जरूर पाहावा, पण दुसऱ्यांदा.

'स्पायडर-मॅन २.१' मध्ये रेल्वेवरची झुंज थोडी लांबते आणि वृत्तपत्राचा संपादक जे. जोना जेमसन स्पायडर-मॅनचा पोशाख चढवून टेबलावर उड्या मारतो. मजा आहे, पण लिफ्टमधला विनोद वेगळ्या, लांबलेल्या रूपात येतो आणि मूळ जास्त चटकदार होता. विनोदाचं हेच होतं. तो टायमिंगवर चालतो आणि संकलक उगाच कापत नाहीत. 'डेडपूल २' (२०१८) बघा: ११९ मिनिटांचा चित्रपट 'सुपर ड्यूपर कट'मध्ये १३४ चा होतो, आणि कित्येक ठिकाणी विनोद वाढवलेले नसून बदललेले आहेत. थिएट्रिकल पाठ असलेल्याला ही अदलाबदल मस्त वाटेल. नव्याने पाहणाऱ्याला काय बदललंय तेच कळणार नाही, फक्त चित्रपट रेंगाळतोय असं वाटेल. याची 'वन्स अपॉन अ डेडपूल' नावाची पीजी-१३ आवृत्तीही आहे, ती जिथे आर चालणार नाही तिथल्यासाठी.

'द वुल्वरीन'च्या लांब कटमध्ये बर्फाळ गावातली निन्जांशी झुंज मोठी आहे आणि रक्त दिसतं. नखांनी माणसं कापणाऱ्या नायकाच्या चित्रपटात रक्तच न दिसणं ज्यांना खटकतं, त्यांनी सरळ हाच लावला तरी कथेचं काही बिघडत नाही.

जे कट नाहीतच, दुसरे चित्रपट आहेत

'जस्टिस लीग'बद्दल 'कोणता कट' हा प्रश्नच चुकतो. २०१७ चा १२० मिनिटांचा चित्रपट जॉस व्हीडनने पुनर्चित्रण करून पुरा केला. २०२१ चा २४२ मिनिटांचा, मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडरचा. संगीतकार वेगळे (डॅनी एल्फमन आणि नंतर जंकी एक्सएल), खलनायक स्टेपनवुल्फचं रूप वेगळं, त्याचा मालक डार्कसाइड फक्त दुसऱ्यात, आणि अर्धा यंत्र असलेला सायबॉर्ग दुसऱ्यात कथेच्या केंद्रस्थानी. दोन्ही पाहायची गरज नाही. वेळ असेल तर २०२१ चा, आणि 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'ची अल्टिमेट एडिशन त्याच्या आधी. चार तास एका बैठकीत संपवण्याचा पराक्रम करू नका. सहा भाग आणि उपसंहार आहे, प्रत्येक भागाचं शीर्षक पडद्यावर येतं. तिसऱ्या भागाअखेर थांबून उरलेलं दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काही तुटत नाही.

'सुपरमॅन २' ची गोष्ट आणखी मजेशीर. रिचर्ड डॉनरने बरंचसं चित्रीकरण पहिल्या भागाबरोबरच केलं होतं, पण त्याला काढून रिचर्ड लेस्टरला आणलं गेलं. २००६ मध्ये डॉनरची आवृत्ती जुळवून बाहेर आली, ती ११६ मिनिटांची, म्हणजे मूळ १२७ पेक्षा आखूड. सुपरमॅनच्या वडिलांच्या भूमिकेतला मार्लन ब्रँडो परत आला. लोइस क्लार्कवर गोळी झाडून त्याचं बिंग फोडते तो प्रसंग मात्र कधी नीट चित्रित झालाच नव्हता, म्हणून तिथे कलाकारांच्या स्क्रीन टेस्ट वापरल्या आहेत. क्रिस्टोफर रीव्हचे केस आणि अंगकाठी एका शॉटमधून दुसऱ्यात बदलते. शेवटही पहिल्या भागासारखाच, काळ उलटा फिरवून. अभ्यासाला उत्तम, घरच्यांना घेऊन बसायचं असेल तर लेस्टरचाच लावा.

लावताना होणारे घोटाळे

डिजिटल दुकानात लांब कट कधी वेगळा विकला जातो, कधी थिएट्रिकल विकत घेतल्यावर 'एक्स्ट्रा'मध्ये लपलेला असतो. पैसे भरण्याआधी दोन्हीकडे बघा. डिस्कच्या डब्यावर 'दोन आवृत्त्या' लिहिलं असलं तरी त्या दोन्ही ४के डिस्कवर असतीलच असं नाही. एक ४के आणि दुसरी फक्त ब्लू-रेवर असू शकते. मागची बारीक अक्षरं वाचा.

एकाच डिस्कवर दोन्ही कट असतील तेव्हा सामाईक भाग एकदाच साठवलेला असतो आणि प्लेअर मधल्या वाढीव तुकड्यांकडे उड्या मारत जातो. जुन्या प्लेअरवर अशा उडीच्या जागी चित्र क्षणभर अडखळतं. डिस्क खराब नसते. प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करून बघा.

डबिंग बहुतेकदा थिएट्रिकल कटचंच झालेलं असतं. त्यामुळे लांब कट डबमध्ये मिळतच नाही, किंवा वाढीव प्रसंग आला की पात्रं अचानक मूळ भाषेत बोलू लागतात. डबमध्येच पाहायचं असेल तर थिएट्रिकल घ्या, वाद संपला. मुलांबरोबर पाहताना त्या कटचं स्वतःचं प्रमाणपत्र बघा, थिएटरातलं चालत नाही: 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' थिएटरात पीजी-१३ होता, अल्टिमेट एडिशन आर आहे.

चित्राच्या आकाराचं एक. २०२१ चा 'जस्टिस लीग' ४:३ आकारात आहे, त्यामुळे रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे येतात आणि चित्र रुंदीच्या पाऊण भागात बसतं. पट्टे घालवायला झूम केलंत तर डोकी आणि पाय कापले जातील. स्ट्रेच केलंत तर सायबॉर्ग बुटका दिसेल. टीव्हीचा पिक्चर साइझ 'ओरिजिनल' किंवा 'जस्ट स्कॅन'वर ठेवा आणि खोलीतले दिवे घालवा, पट्टे जाणवत नाहीत.

सबटायटल वेगळ्या फाइलमधून लावत असाल तर बिघाड कसा वाढतो त्यावरून कारण ओळखता येतं. सुरुवातीला सगळं जुळतंय आणि एखाद्या प्रसंगानंतर एकदम दीड-दोन मिनिटांचा फरक पडला, तर फाइल दुसऱ्या कटची आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी आणि एच कळांनी मागे-पुढे करून तात्पुरतं जुळेल, पण पुढचा वाढीव प्रसंग आला की परत सुटेल. त्याच कटची फाइल शोधणं हाच उपाय. फरक हळूहळू, एकसारखा वाढत जात असेल आणि दहा मिनिटांत साधारण २४ सेकंदांवर पोचत असेल, तर कट बरोबर आहे आणि वेग चुकलाय: फाइल २५ फ्रेमची, चित्रपट २४ चा, किंवा उलट. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेमरेट २५ वरून २३.९७६ (२४ चाच नेमका आकडा) करा (किंवा उलट), आणि अगदी शेवटच्या संवादापाशी जाऊन जुळतंय का ते तपासा.